‘आवर म्हटलं तरी आवरत नाही’: मुलं, पसारा आणि हुरूप यांविषयी पालकांचे नेहमीचे प्रश्न

डोंबिवलीत बावीस वर्षं बालवाडी चालवली. शाळा सुटली की पालक दारात घुटमळायचे. प्रश्न अक्षर-आकड्यांचे कमी आणि घरातल्या पसाऱ्याचे जास्त असायचे. बालवाडी बंद झाली, पण प्रश्न आता लिफ्टमध्ये आणि भाजीच्या गाडीशी गाठतात. तेच ते पुन्हा सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवते आहे. सगळी उत्तरं सारखी नाहीत. जिथे मी स्वतः आपटले, तिथे ती लांबली आहेत.

बाई, पसारा आवरण्याचा आणि प्रेरणेचा काय संबंध? घर नीट राहिलं म्हणजे झालं ना?

घर नीट दिसावं एवढंच हवं असेल तर तुम्हीच आवरा, दहा मिनिटांत होईल. मुलाकडून आवरून घ्यायला तिप्पट वेळ लागतो आणि वर डोकं तापतं ते वेगळंच. हा खर्च आपण वेगळ्या कारणासाठी करतो.

दिवाळीत किल्ला करणारी मुलं आठवा. विटा कुठून तरी गोळा करतात, गोणपाट भिजवतात, माती कालवतात, अळीव पेरून कोंब यायची वाट बघतात, कुठला मावळा बुरुजावर उभा राहणार यावरून भांडतात. जेवायला चार हाका माराव्या लागतात. कुणी स्टिकर देत नाही, कुणी पाठीमागे उभं राहत नाही. आणि हाच मुलगा पायातले मोजे टोपलीत टाकायला जागचा हलत नाही. म्हणजे मुलगा आळशी नाही, हे किल्ल्यानेच दाखवून दिलेलं असतं. किल्ल्यात काय कुठे ठेवायचं हे तो ठरवतो, आपल्याला जमतंय हे त्याला डोळ्यांनी दिसतं, आणि सोबत सवंगडी असतात. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या दोन मानसशास्त्रज्ञांनी प्रेरणेविषयी जो सिद्धान्त मांडला, त्यातल्या तीन गरजा याच आहेत: आपलं आपण ठरवता येणं, जमतंय असं वाटणं, आणि आपल्या माणसांशी जोडलेलं असणं. मोज्यांच्या कामात यातलं एकही नाही. ठरवते आई, चुका काढते आई, आणि करताना तो एकटा.

आवरणं हे रोजचं, लहानसं आणि लगेच निकाल दाखवणारं काम आहे. गणितातली प्रगती कळायला सहामाही उजाडावी लागते, पण खण रिकामा झाला की झाला. तिथे मुलाला एक गोष्ट स्वतःच्या हातांनी कळते, जी आपल्यातल्या कित्येकांना चाळिशीतही कळलेली नसते. हुरूप आला की काम करू म्हणत बसलं, तर तो येतच नाही. हात लागल्यावर येतो.

कितव्या वर्षापासून सुरुवात करायची?

चालायला लागल्यापासून. फेलिक्स वॉर्नेकन आणि मायकल टोमॅसेलो यांनी २००६ साली १८ महिन्यांच्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. मोठा माणूस कपडे वाळत घालताना चिमटा पाडतो आणि हात पोचत नसल्यासारखं करतो. किंवा दोन्ही हातांत ओझं घेऊन कपाटाच्या बंद दाराशी अडतो. बहुतेक मुलं न सांगता मदतीला आली. आपल्या घरातही दीड वर्षाचं पोर केरसुणी ओढायला येतं, कणकेत हात घालतं. आपण काय म्हणतो? “सोड, घाण आहे ती.” “सरक, मला उशीर होतोय.” सहा-सात वर्षं असं सरकवून झालं की एक दिवस आपणच म्हणतो, “एवढा घोडा झालास, जरा मदत कर की!”

मारिया माँटेसरींनी १९०७ मध्ये रोममध्ये पहिलं बालगृह, म्हणजे लहान मुलांची शाळा, उघडलं, तेव्हापासून त्यांच्या पद्धतीत मुलांच्या हाताला झेपेल असं सामान आणि ते परत जागच्या जागी ठेवणं याला धड्याइतकंच महत्त्व आहे. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांच्या अंगणात हे शिक्षण नेलं, आणि महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, खडे वापरले. साधन आणायला बाजारात जावं लागत नाही हे आम्ही त्यांच्याकडूनच शिकलो. आमच्या बालवाडीत चिंचोके आणि गुंजा वेगळ्या करून आपापल्या वाटीत परत घालणं हाच एक आवडता खेळ होता.

साधारण अंदाज हवा असेल तर: दोन-तीन वर्षांचं मूल सगळं उचलून एका टोपलीत टाकू शकतं. चार-पाचचं मूल मोज्यांच्या जोड्या लावतं, चमचे पुसून खणात घालतं. सात-आठला रुमाल-टॉवेलच्या घड्या आणि स्वतःचं दप्तर जमतं. दहानंतर एक अख्खं कपाट त्याच्या ताब्यात द्यावं. घड्या वाकड्या होणारच, त्या पुन्हा घालायच्या नाहीत. निदान त्याच्यासमोर तरी नाही.

दहा वेळा ओरडून झालं, तरी हलत नाही. काय करू?

‘आवर’ हा शब्द एक असला तरी त्यात वीस कामं आहेत. तुम्हाला कुणी नुसतं “लग्नाची तयारी कर” म्हणून निघून गेलं, तर तुम्हीही पलंगावर बसून भिंतीकडे बघाल. मोठ्या माणसाला पसारा गटागटाने दिसतो, म्हणजे हे धुवायचे कपडे, ही पुस्तकं, हे ठोकळे. पाच वर्षांच्या मुलाला तो सगळा मिळून एकच डोंगर दिसतो. म्हणून पहिलं वाक्य असं हवं: “लाल ठोकळे डब्यात.” ते झालं की पुढचं.

आणि सुरुवातीला तुम्ही त्याच्याशेजारी जमिनीवर बसलेले हवेत. सोफ्यावरून, मोबाईलमधून डोकं वर न काढता दिलेला हुकूम मुलं ओळखतात. पहिला आठवडा अर्धं तुम्ही, अर्धं तो. मग तुम्ही नुसते बसा. मग त्याच खोलीत दुसरं काही करा. अंग हळूहळू काढून घ्यायचं.

वेळ मोजायला घड्याळ नको, पाच वर्षांच्या मुलाला पाच मिनिटं म्हणजे काय ते कळत नाही. कुकर लावा आणि सांगा, तीन शिट्ट्या होईपर्यंत. शिट्ट्या झाल्या की काम थांबवायचं, उरलं असलं तरी. हा शब्द पाळायचाच. “आता एवढंच राहिलंय, करून टाक” म्हणालात की उद्यापासून तो कुकरवरही विश्वास ठेवणार नाही.

बोलण्यातली एक चूक जवळजवळ प्रत्येक घरात ऐकते. “आवरशील का?” असं विचारतात आणि तो “नाही” म्हणाला की चिडतात. प्रश्न विचारला, उत्तर मिळालं! करायचंच आहे तर विचारू नका. निवड द्यायची ती खरी द्या: आधी गाड्या की आधी पुस्तकं? जेवणाआधी की जेवणानंतर?

आणि डब्यांची झाकणं काढून टाका. खरंच. घट्ट झाकणाच्या, वरच्या फळीवरच्या डब्यात मूल काहीही परत ठेवत नाही, तुम्हीही ठेवणार नाही. उघडी टोपली, त्याच्या कमरेच्या उंचीवर, आत काय जातं त्याचं चित्र बाहेर चिकटवलेलं. एवढ्याने निम्मं भांडण मिटतं.

आवरलं की चॉकलेट, किंवा दहा रुपये. देऊ का?

मलाही आधी हाच रस्ता सोपा वाटला होता. बालवाडीच्या दुसऱ्या वर्षी मी भिंतीवर चांदण्यांचा तक्ता लावला. चटई गुंडाळून ठेवली की एक चांदणी. पहिल्या आठवड्यात अशी शिस्त की मी स्वतःवरच खूश. तिसऱ्या आठवड्यात एक मुलगी चटई हातात धरून विचारते, “बाई, आज चांदणी आहे ना?” मी म्हटलं, संपल्या, उद्या आणते. तिने चटई तिथेच खाली टाकली. तक्ता त्याच शनिवारी काढला.

नंतर कळलं की हे कोणीतरी नीट मोजून ठेवलं आहे. १९७३ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रं काढायला आवडणारी तीन ते पाच वर्षांची मुलं निवडली. एका गटाला आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर सोनेरी शिक्का आणि फीत लावलेलं प्रशस्तिपत्रक मिळेल. दुसऱ्या गटाला न सांगता शेवटी दिलं. तिसऱ्याला काहीच नाही. आठवडा-दोन आठवड्यांनी तेच रंगीत पेन वर्गात पुन्हा ठेवले. ज्यांना आधी आमिष दाखवलं होतं, त्या मुलांनी काहीच न मिळालेल्या मुलांच्या साधारण निम्मा वेळ चित्रांना दिला. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र कमी झाली नव्हती.

आता यात एक मेख आहे, तीही सांगते. त्या मुलांना चित्रकला मुळात आवडत होती. मोजे उचलणं कुणाच्याही आवडीचं नाही, त्यामुळे चॉकलेटने मारून टाकावं असं प्रेम तिथे नसतंच. तिथे नुकसान दुसरंच होतं: भाव ठरतो. आज चॉकलेट, उद्या दोन. आणि आपल्या घरातलं आपलं काम हे दुसऱ्याचं काम होऊन बसतं, ज्याची मजुरी मागायची असते.

मग खाऊ कधीच नाही का? आणा की. सगळ्यांनी मिळून माळा साफ केला, अंगभर धूळ झाली, संध्याकाळी भेळ आणली, हे बक्षीस नव्हे. ती घरातल्या माणसांची मजा आहे. आधी जाहीर करू नका, एवढंच. खिशातले पैसे द्यायचे तर तेही द्या, पण कामाशी बांधू नका. गाडी धुणं किंवा गॅलरीतली जाळी घासणं यासारखं जास्तीचं, बाहेरून माणूस बोलवावा लागला असता असं काम असेल तर त्याचे पैसे ठरवायला माझी हरकत नाही.

शाबासकी तरी द्यावी ना?

द्या, पण “किती गं गुणाची माझी बाय ती!” एवढ्यावर थांबू नका. गुणाची असण्यात तिने काय केलं? जे दिसलं ते सांगा: “पुस्तकं उंचीप्रमाणे लावलीस, आता मला मधलं पुस्तक काढताना बाकीची पडत नाहीत.” क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांच्या १९९८ च्या प्रयोगांत हुशारीचं कौतुक झालेली मुलं अवघड प्रश्न आल्यावर लवकर खचली, मेहनतीचं कौतुक झालेली टिकली. आणि हो, रोज टाळ्या वाजवायची गरज नाही. तुमच्या भाजीला रोज कोण टाळ्या वाजवतं?

खेळणी किती असावीत?

आकडा देत नाही, कारण घरं वेगळी आणि मुलं वेगळी. पण अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठातल्या संशोधकांनी ३६ लहान मुलांना एकदा चार खेळण्यांसह आणि एकदा सोळा खेळण्यांसह खेळू दिलं (२०१८ मध्ये ते प्रसिद्ध झालं), तेव्हा चार खेळणी असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. वाढदिवसाला पंचवीस पाहुणे आणि पंचवीस खोकी असलेल्या घराने हे वाचून सोडून देऊ नये.

सोपा उपाय म्हणजे तीन भाग करायचे. एक बाहेर, दोन पोटमाळ्यावर. महिन्याने अदलाबदल. माळ्यावरून उतरलेली जुनी आगगाडी नव्यापेक्षा जास्त भाव खाते, हे मी प्रत्येक घरात पाहिलं आहे. कुठला भाग वर जायचा ते मुलाने ठरवायचं. आणि पाहुण्यांना आधीच सांगायला लाजू नका: खेळणं नको, पुस्तक द्या, किंवा एक दिवस त्याला राणीच्या बागेत घेऊन जा.

माझी मुलगी काहीच टाकू देत नाही. तुटलेला कंगवासुद्धा!

इथे मला माझंच सांगावं लागेल. माझा मुलगा अकरा वर्षांचा असताना बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात एसटीची तिकिटं साठवायचा. कोकणात जाताना-येताना कंडक्टरने टोचून दिलेली, मळलेली, काही तर दुसऱ्यांनी खाली टाकलेली. दिवाळीच्या आवरण्यात मी ती सगळी रद्दीत घातली. तो शाळेत होता. संध्याकाळी त्याने डबा उघडला, रिकामा बघितला, बंद केला. रडला नाही, भांडला नाही. पण पुढची तीन वर्षं त्याने त्याच्या कपाटाला मला हात लावू दिला नाही, आणि त्या तीन वर्षांत त्या कपाटात जे काही साठलं ते मी इथे लिहीत नाही.

तेव्हापासून नियम एकच आणि तो मोडत नाही: मुलाची वस्तू मुलाच्या नकळत टाकायची नाही. आपल्या वस्तूंवर आपली सत्ता नाही असं वाटलं की मूल घट्ट धरून बसतं. सत्ता दिली की मूठ सैल होते, थोडा वेळ लागतो.

करायचं कसं? जमिनीवर चादर पसरा, तीन ढीग करा: ठेवायचं, द्यायचं, ठरत नाही. तिसरा ढीग सगळ्यात महत्त्वाचा. तो खोक्यात भरायचा, वर तारीख लिहायची, तीन महिने माळ्यावर. त्यानंतर खोकं तिच्यासमोर उघडायचं. बरंचसं तीच काढून टाकते, कारण आत काय होतं तेच ती विसरलेली असते. जे अजूनही हवं असेल ते परत घ्यावं, मान्य करावं.

आणि एक आठवणींचा डबा असावा. एकच, ठरलेल्या मापाचा. कंगवा, शिंपला, बाहुलीचा हात, काहीही आत जाईल. भरला की नवं ठेवायला जुनं काढायचं, काय काढायचं ते तिनेच ठरवायचं. यात नाही म्हणणारी आई नसते, डबा असतो. डब्याशी भांडता येत नाही.

मी नियम लावते आणि सासूबाई म्हणतात, “लेकरू दमलंय, मी आवरते.”

त्यांच्या “मी आवरते” मध्ये नातवंडाबद्दलची माया आहे, आणि थोडीशी “मला अजून जमतं” हीही गोष्ट आहे. ती काढून घेऊ नका. त्यांना काम द्या: आजीने आवरायचं नाही, आजीने शिकवायचं. जुन्या सुती साडीची गोधडी कशी होते, अंथरुणाची वळकटी कशी बांधायची, डाळीचे डबे कुठल्या क्रमाने लावले की अंधारातही हात बरोबर पडतो. आमच्या आईच्या तोंडी ‘हात फिरे तिथे लक्ष्मी वसे’ ही म्हण असायची, आणि ती फक्त म्हणून दाखवायची नाही, हात फिरवून दाखवायची. मुलासमोर सासूबाईंना टोकू नका मात्र. दुपारी, चहा देताना, “आई, तो तुमचं ऐकतो, माझं नाही” असं म्हणून बघा.

मुलाला झाडू देताना घरात कुरबुर होते. “पोराला कसला केर काढायला लावतेस?”

माणसं दिवसाचा वेळ कशात घालवतात हे मोजणारं सरकारी कालविनियोग सर्वेक्षण २०१९ मध्ये झालं. घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवत होत्या, आणि जे पुरुष घरकाम करत होते ते ९७ मिनिटं. तेही अशी कामं करणारे पुरुषच मुळात थोडे. हे अंतर कुठल्या वयात तयार होतं ते शोधायला लांब जाऊ नका. सहा वर्षांच्या बहिणीला ताटं घ्यायला हाक जाते आणि आठ वर्षांचा भाऊ टीव्हीसमोर बसलेला असतो, त्या संध्याकाळी. बाकी, गाडगेबाबांच्या हातात झाडू होता, त्याने त्यांचं काही कमी झालं नाही, असं आमचे शेजारी एका आजोबांना म्हणाले होते. आजोबा गप्प बसले.

घरी कामाला मावशी येतात. मग मुलाने का करायचं?

मावशी केर काढतात, पसारा काढणं हे त्यांचं काम नाही. “मावशी दहाला येतात, त्यांना फरशी दिसली पाहिजे” हे मुलाला समजतं, आणि पटतं. यातून त्याला दुसऱ्याच्या श्रमांची जाणीव होते, ती वेगळ्या तासाला शिकवावी लागत नाही. मावशींना मुलाने अरे-तुरे करू नये, हेही इथेच येतं.

आमचं घर एका खोलीचं आहे. मुलाचा वेगळा कोपरा कुठून आणू?

कोपरा नको, माप हवं. पलंगाखाली सरकणारी पत्र्याची ट्रंक, दाराच्या मागे टांगलेली कप्प्यांची पिशवी, नाहीतर किराणा दुकानातून आणलेलं खोकं. त्यावर त्याचं नाव, आणि दुसऱ्या कुणी न विचारता उघडायचं नाही. माझा अनुभव तर असा की चाळीतल्या खोल्यांतली मुलं यात पुढे असायची. रात्री अंथरुणं घालायची तर जमीन मोकळी करावीच लागते, त्यामुळे आवरायचं का हा प्रश्नच उठत नाही. तीन बेडरूमच्या घरात पसाऱ्याला दार लावून घेता येतं, आणि तिथेच तो वाढतो.

२१ दिवसांत सवय लागते म्हणतात, खरं का?

लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना एकेक नवी सवय लावून घ्यायला सांगितलं होतं. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सरासरी ६६ दिवस लागले, आणि फरक १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत. तेही मोठी माणसं, स्वतःच्या मर्जीने. एखादा दिवस चुकल्याने सवय मोडली नाही, हाही त्यातलाच निष्कर्ष. तेव्हा गणपतीत पाच दिवस गावाला गेलात आणि घडी विस्कटली तर परत आल्यावर तिथूनच पुढे. सवय वेळेला न बांधता आधीच्या एखाद्या गोष्टीला बांधा: संध्याकाळी दिवा लावायच्या आधी, किंवा दात घासायच्या आधी. साडेसात रोज वेगळ्या गडबडीत उजाडतात. दिवा मात्र लागतोच.

दिवाळीची साफसफाई मुलांबरोबर कशी करायची? सुट्टी असते, पण कामापेक्षा लुडबुडच जास्त.

एक दिवस पूर्ण त्यांचा ठेवा आणि त्या दिवशी फराळाची कढई चढवू नका, दोन्ही होत नाही. रद्दीचं खातं मुलांकडे द्या. वर्तमानपत्रं वेगळी, वह्या वेगळ्या, पुठ्ठा वेगळा, कारण तिन्हींचा भाव वेगळा असतो. रद्दीवाला तागडी उचलतो तेव्हा काटा कुठे थांबला ते मुलाने वाचायचं, भावाने गुणायचं, पैसे त्यानेच घ्यायचे. पुस्तकातल्या किलो-ग्रॅमला असा वास कधी येत नाही. पैशांचं काय करायचं हे सगळ्यांनी आधीच ठरवलेलं बरं. आमच्याकडे ते किल्ल्यावरच्या मावळ्यांना जायचे.

बोहारीण येत असेल तर तिच्याशी घासाघीस ऐकायला मुलांना बसवाच. चार साड्या आणि दोन पँटींना एक स्टीलचं पातेलं, आणि ती म्हणणार अजून एक साडी टाक. वस्तू जुनी झाली म्हणजे संपली असं नसतं, हे इतक्या रंगतदारपणे दुसरं कुणी शिकवू शकत नाही.

द्यायच्या कपड्यांत मात्र एक कसोटी मुलालाच लावू द्या: हे तुझ्या मित्राला दिलं तर तो घालेल? बटण तुटलं असेल तर आधी लावायचं. फाटलेलं असेल तर त्याचं फडकं, दान नाही. जुन्या बॅटऱ्या, तुटके चार्जर ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका, वेगळे द्या. पुण्यात असाल तर ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेकडे चौकशी करा.

यामुळे अभ्यासात फरक पडेल का?

टेबल आवरलं म्हणून टक्के वाढतील, असं मी सांगणार नाही. सांगणाऱ्यांपासून सावध राहा. मोठं काम लहान तुकड्यांत मोडता येतं आणि पहिला तुकडा कंटाळा असतानाही उचलता येतो, एवढं मूल इथे शिकतं. ते भूगोलाच्या प्रकल्पापर्यंत नेऊन द्यायला तुम्हालाच एकदा आठवण करून द्यावी लागते: “माळा आपण कसा केला होता? आधी एकच कोपरा, आठवतं?”

मुलगा चौदाचा आहे. त्याच्या खोलीत पाय ठेववत नाही. उशीर झाला का?

पाच वर्षांच्या मुलासाठीचं काहीच इथे चालणार नाही, चित्रं चिकटवायला जाऊ नका. खोली त्याची माना. दोनच अटी ठेवा, ज्या बाकीच्यांच्या त्रासाशी जोडलेल्या आहेत: खरकटी ताटं आत राहायची नाहीत, आणि धुवायचे कपडे मशीनशेजारच्या टोपलीत आले तरच धुतले जातील. मग खरोखर धुऊ नका. क्रिकेटच्या मॅचला मळका शर्ट घालून गेला तर जाऊ द्या, आणि “सांगत होते ना” हे तीन शब्द गिळा. ते गिळणं हेच सगळ्यात अवघड, मला अजून पूर्ण जमलेलं नाही.

घरातल्या सामायिक जागेतलं एक खरं काम त्याच्याकडे द्या, जे तो नसला तर अडेल. आमच्या मजल्यावर एक नववीतला मुलगा घरातली बिलं, वॉरंटी कार्डं आणि औषधांच्या तारखा सांभाळतो. त्याच्या स्वतःच्या खोलीत अजूनही पाय ठेववत नाही, पण गेल्या आठवड्यात मिक्सर बिघडला तेव्हा कागद त्याने अर्ध्या मिनिटात काढून दिला.

सगळं करून पाहिलं. तरी मूल अर्ध्यात उठतं, विसरतं, वस्तू हरवतं.

शाळेतही असंच असेल, सांगितलेली दुसरी गोष्ट कायम सुटत असेल, आणि हे वर्ष-दीड वर्ष चाललं असेल, तर त्याला ‘वेंधळा’ म्हणणं थांबवून बालरोगतज्ज्ञांना एकदा दाखवा. काही मुलांचं लक्ष टिकण्याची अडचण खरी असते, ती ओरडून जात नाही. तोवर एका वेळी एकच सूचना, आणि तीही हाताने दाखवून.

खरं सांगायचं तर आम्ही दोघंही पसारेबाज आहोत. मुलाला कुठल्या तोंडाने सांगू?

त्याच तोंडाने, पण त्याच्यादेखत आवरून. मुलासमोर मोठ्याने म्हणा, “मला हे टेबल बघूनच कंटाळा येतोय. फक्त चाव्या आणि बिलं उचलते.” आई-बाबांनाही कंटाळा येतो आणि तरी त्यांचा हात पुढे जातो, हे मुलाने कधी पाहिलेलंच नसतं, कारण आपण मुलं झोपल्यावर आवरतो. प्रत्येक घरात एक खुर्ची असते, जिच्यावर न धुतलेले पण मळलेलेही नाहीत असे कपडे साठतात. तिथून सुरुवात करा. माझ्या घरातही ती आहे. रविवारी नात आली की आम्ही दोघी ती रिकामी करतो. ती घड्या घालते, मी हँगर शोधते, आणि बुधवारपर्यंत खुर्ची पुन्हा भरलेली असते. परवा फोनवर तिने आपणहून विचारलं, “आजी, खुर्ची भरली का गं?”